गार्ड काढावाच लागू नये, असा गार्ड बसवायचा

माझं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे. चार पॉवर प्रेस (पत्रा साच्यात दाबून कापणारी किंवा आकार देणारी मशिनं), दोन लेथ, एक पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर, मागच्या बाजूला कॉम्प्रेसर. नऊ माणसं, त्यांत चार बायका. बाबांनी सुरू केलेलं युनिट आता मी चालवते. 2014 च्या पावसाळ्यात आमच्या 50 टनी प्रेसवर एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही लहानपणापासून मामाच म्हणत आले. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, डायमध्ये (खालच्या साच्यात) चिकटला, तो काढायला त्यांनी हात घातला, आणि प्रेसने दुसरा स्ट्रोक मारला, म्हणजे ती पुन्हा खाली आली.

त्या प्रेसला गार्ड होता, म्हणजे हात आत जाऊ न देणारं आवरण. बाजूच्या रॅकवर ठेवलेला होता.

त्या रात्री मी सगळ्यांना एकच विचारत होते, "गार्ड कोणी काढला?" हा प्रश्न चुकीचा होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले. विचारायला हवं होतं, "गार्ड का काढावा लागला?" उत्तर अगदी सरळ होतं. चिकटलेला जॉब गार्ड लावलेला असताना निघतच नव्हता. दर वीस-पंचवीस पीसमागे एक चिकटायचा, आणि दर वेळी 13 नंबरचा पाना घेऊन चार बोल्ट कोण खोलणार? मामा निष्काळजी नव्हते. मी त्यांना दिलेला गार्ड कामाच्या आड येत होता. तेव्हापासून काय करत आले ते इथे लिहिते आहे, कारण माझ्यासारखी लहान युनिटं भोसरीपासून तळवड्या-चाकणपर्यंत गल्लोगल्ली आहेत आणि तिथे सेफ्टी ऑफिसर नावाचा माणूस नसतो. मालक असतो किंवा मालकीण असते, एवढंच.

पहिलं काम म्हणजे स्टूल आणि वही. गार्डवाल्याला फोन करण्याआधी मशीनपासून चार-पाच हातांवर स्टूल टाकून तासभर बसा. ऑपरेटरला सांगा, मी तुझं काम तपासत नाहीये, मशीन तपासतेय. मग लिहीत जा: हात आत किती वेळा गेला, आणि कशासाठी. जॉब ठेवायला, काढायला, स्क्रॅप झटकायला, तेल मारायला, गेज लावायला. माझ्या वहीत एका तासात मामांच्या जागी आलेल्या मुलाचा हात 340 वेळा आत गेला होता. त्यातले निम्मे फक्त जॉब काढण्यासाठी. याच वेळी मशीनभोवती फिरून चार प्रकारच्या जागा शोधा: कुठे चेचतं, कुठे आत ओढून घेतं, कुठे कापतं, आणि कुठून काही उडू शकतं. मागची बाजू विसरू नका. ऑपरेटर समोर असतो, पण झाडू मारणारी मावशी मागे असते.

दुसरं काम, हात आत जायची गरजच काढून टाकणं. गार्डचा विचार याच्यानंतर. आम्ही डायमध्ये स्प्रिंगवर उचलणाऱ्या इजेक्टर पिना बसवल्या, शेजारी हवेचा नोझल लावला, आणि जॉब घसरत खालच्या पेटीत पडेल असा पत्र्याचा उतार केला. जॉब ठेवायला बाहेरून सरकवायची पट्टी केली: बाहेर ठेवायचा आणि ढकलायचा. चिकटलाच तर काढायला लांब दांड्याचं चुंबक आणि पितळी चिमटा, दोन्ही प्रेसला साखळीने बांधलेले. चिमटा मऊ धातूचाच हवा. तो चुकून पंचखाली (वरून येणाऱ्या साच्याखाली) आला तर चिमटा चेपावा, डाय फुटून तुकडे उडू नयेत. हा सगळा खर्च मिळून डाय एकदा दुरुस्त करण्याच्या आत बसला. हात आत जायचं कारण संपल्यावरच गार्ड टिकतो.

आता प्रेसबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातली बोटं सगळ्यात जास्त तिथेच जातात.

तुमची प्रेस कोणत्या क्लचची आहे, म्हणजे मोटरने फिरणारं जड चाक (फ्लायव्हील) खालीवर होणाऱ्या दाब्याला (रॅमला) कशाने जोडलं जातं, हे आधी बघा. जुन्या सी-फ्रेम प्रेसना बहुतेक वेळा की-क्लच असतो. पेडल दाबलं की 'की' (धातूची खुंटी) फ्लायव्हीलला अडकते आणि रॅम पूर्ण एक फेरी मारूनच थांबतो. मध्येच थांबवता येत नाही. इमर्जन्सी बटण दाबा, मेन स्विच पाडा, फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर तो स्ट्रोक पुरा करणारच. म्हणून अशा प्रेसला लाइट कर्टन (हात आड आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणं म्हणजे पैसे वाया आणि वर खोटा भरवसा. कर्टनला हात दिसेल, पण थांबवायला त्याच्या हातात काही नाही. मला एका विक्रेत्याने तो लावायचा आग्रह केला होता. मी क्लचचा प्रकार विचारला, तेव्हा त्याला माझा प्रश्नच कळला नाही.

दोन हातांच्या बटणांचंही तसंच. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर, हे ऐकायला छान वाटतं. पण बटण सोडून हात डायपर्यंत पोचायच्या आत रॅम खाली आलेला असायला हवा. हिशोब असा. मिनिटाला 60 स्ट्रोकची प्रेस असेल तर एका फेरीला एक सेकंद. क्लचला अडकायची जागा एकच असेल तर सगळ्यात वाईट वेळी की अडकायलाच एक पूर्ण फेरी लागते, आणि वरून खाली यायला अर्धी. म्हणजे दीड सेकंद. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. म्हणजे बटणं डायपासून 2.4 मीटर लांब हवीत. आपल्या गाळ्यात एवढी जागा कुठे असते? बटणं लावलेली असतात हातभर अंतरावर. म्हणून की-क्लचच्या प्रेसला माझं उत्तर एकच: डायला चारही बाजूंनी पक्का, बंद गार्ड, जॉब सरकण्यापुरतीच फट.

एअर क्लचची, म्हणजे हवेच्या दाबाने जोडणारी-सोडणारी, प्रेस असेल तर ती मध्येच थांबू शकते, तिथे लाइट कर्टन योग्य. पण थांबायला किती वेळ लागतो ते मोजून घ्या. जवळ बसवायच्या कर्टनला हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून किमान 400 मिमी लांब हवा, तोही बोट, म्हणजे 14 मिमी जाडीची वस्तू, ओळखणारा. ब्रेक झिजला की हा वेळ वाढतो, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आणि दोन हातांची बटणं लावलीत तर ती अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबल्याशिवाय चालू न होणारी घ्या. नाहीतर एका बटणावर लाकडाची पाचर बसते. मी ती पाचर माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

फट किती ठेवायची? याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. फट जितकी मोठी, तितकं बोट आत खोल जातं, म्हणून फट आणि धोक्याच्या जागेचं अंतर जोडीनेच बघायचं. लांब चिरेसारख्या फटीचे आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे मी भिंतीवर रंगवून घेतलेत. फट 6 मिमीपर्यंत असेल तर धोका किमान 10 मिमी आत हवा, 8 पर्यंत 20 मिमी, 10 पर्यंत 80 मिमी, 12 पर्यंत 100 मिमी, आणि 20 पर्यंत 120 मिमी. 8 वरून 10 वर जाताना आकडा एकदम चौपट होतो ते बघा. तिथे बोट मुळापर्यंत आत जायला लागतं.

यावरून आम्ही एक पट्टी बनवली, ॲल्युमिनियमची, पायऱ्यापायऱ्यांची. टोकाची पहिली 10 मिमी लांबी 4 मिमी जाड, तिथून 20 मिमीपर्यंत 6 मिमी जाड, 80 पर्यंत 8, 100 पर्यंत 10, 120 पर्यंत 12, आणि त्यापुढे 20 मिमी. मशीन बंद करून, फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर, ही पट्टी गार्डच्या प्रत्येक फटीतून घालायची. टोक पंचला किंवा डायला टेकलं तर गार्ड नापास. कोणाला आकडे पाठ करायला नकोत, वाद घालायला नको. आम्ही तिला "बोट" म्हणतो.

गार्डसाठी गज किंवा जाळी वापरा, किंवा पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिक नको, फुटलं की त्याच्या धारदार कपच्या होतात. ऑपरेटरला आतलं नीट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तो वाकून बघेल, आणि मग गार्डच खोलेल. आत छोटा दिवा लावा. बोल्ट असे घ्या की खोलले तरी गार्डलाच अडकून राहतील, हरवणार नाहीत. हरवलेला बोल्ट म्हणजे तीन बोल्टवरचा गार्ड, मग दोन बोल्टवरचा, मग रॅकवरचा.

डबल स्ट्रोकबद्दल वेगळं सांगते, कारण मामांच्या वेळी तेच झालं. पेडल एकदा दाबलं आणि प्रेस दोनदा आली. कारणं साधी असतात: कीची झिजलेली धार, तुटलेली किंवा ढिली स्प्रिंग, ब्रेकला लागलेलं तेल. प्रेस कधी एकदाही स्वतःहून आली असं कोणी सांगितलं, तर त्या क्षणी मेन बंद आणि कुलूप. "परत झालं तर बघू" असं म्हणू नका. आमच्याकडे त्या घटनेच्या आठवडाभर आधी प्रेस अशी आल्याचं कोणीतरी बोललं होतं, आणि मी डिस्पॅचच्या गडबडीत होते. पेडलवर वरून आणि बाजूंनी पत्र्याचं झाकण हवं. पडलेला जॉब किंवा कोणाचा पाय त्यावर पडला तर स्ट्रोक लागता कामा नये.

डाय बदलताना गार्ड निघणारच. तेव्हा मोटर बंद करून फ्लायव्हील थांबेपर्यंत थांबायचं, डोळ्यांनी बघायचं, कानाने नाही. मग रॅमखाली आधाराचा ठोकळा. आमच्या ठोकळ्याला साखळीने एक प्लग जोडलाय. ठोकळा जागेवरून उचलला की प्लग निघतो आणि मोटरचा कंट्रोल तुटतो. ठोकळा परत जागेवर गेल्याशिवाय प्रेस चालूच होत नाही. गार्डच्या रोज उघडायच्या झडपांना लिमिट स्विच, म्हणजे झडप उघडली की मशीन बंद पाडणारा स्विच, लावतात, तिथे एक बारीक गोष्ट आहे. झडप बंद असताना स्विच दाबला जाईल असा बसवला, तर कोणीही चिकटपट्टीने तो दाबून ठेवतो आणि झडप उघडी ठेवून काम करतो. स्प्रिंग आत अडकली तरी तो चालूच राहतो. उलट बसवा: झडप उघडताना तिच्या कडेनेच स्विच दाबला जावा आणि संपर्क जोराने तुटावा. तुमच्या वायरमनला हे सांगून करून घ्या, जास्तीचा खर्च जवळपास नाही.

लेथवर मला सगळ्यात भीती चक कीची, म्हणजे जॉब धरणारा चक आवळायच्या किल्लीची, वाटते. चकमध्ये विसरलेली की मशीन चालू होताच गोळीसारखी सुटते. स्प्रिंगची की घ्या, हात सोडला की आपोआप बाहेर पडणारी. चकवर वळणारं पारदर्शक झाकण लावा. स्पिंडलच्या मागून बार बाहेर आला असेल तर त्याला नळीचा आधार आणि आवरण द्या. लांब बार फिरताना एकदम वाकतो आणि मागे उभ्या माणसाला झोडपतो. फिरत्या जॉबवर एमरी पेपर बोटाला गुंडाळून धरू नका, चिप्स हाताने ओढू नका, आकडा वापरा. ड्रिलवर जॉब व्हाइसमध्ये धरा आणि व्हाइस टेबलाला बोल्टने बांधा. आणि लेथवर, ड्रिलवर हातमोजे अजिबात नकोत. हे नव्या मुलांना पटत नाही, त्यांना वाटतं हातमोजा म्हणजे सुरक्षा. फिरत्या ड्रिलने हातमोज्याचा एक धागा पकडला की पूर्ण हात जातो.

बेंच ग्राइंडरला पाच मिनिटं पुरतात. टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाकातली फट 3 मिमीपेक्षा जास्त नको, वरच्या जिभेची (आवरणाच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याची) 6 मिमीपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी ती जवळ सरकवत राहा. नाहीतर जॉब त्या फटीत ओढला जातो आणि चाक फुटतं. 2880 आरपीएमच्या ग्राइंडरवर 200 मिमीचं चाक कडेला सेकंदाला साधारण 30 मीटरने फिरतं, तर 250 मिमीचं जवळपास 38 मीटरने. म्हणून "बसतंय ना" म्हणून मोठं चाक लावायचं नाही. चाकावर छापलेली मर्यादा वाचायची. नवं सिरॅमिक बॉन्डचं चाक लावण्याआधी दोरीवर किंवा बोटावर लटकवून लाकडी दांड्याने हलकं वाजवा. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर तडा. लावल्यावर मिनिटभर रिकामं फिरवा आणि बाजूला उभं राहा.

कॉम्प्रेसरचा पट्टा विसरला जातो, कारण तो मागे, अंधारात असतो. हवा कमी झाली की तो न सांगता सुरू होतो. जाळी दोन्ही बाजूंनी लावा. पट्टा पुलीला जिथे भिडतो तिथे ओढण ज्या बाजूला, ती बाजू पहिल्यांदा.

वीज. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, पण वीज काही फक्त गुरुवारीच जात नाही. ती गेली की सगळे चहाला जातात, कोणीतरी मशीनमध्ये डोकावतं, आणि वीज येते. जुन्या मशिनांवर नुसता रोटरी किंवा चाकू स्विच असेल तर मोटर थेट सुरू होते. प्रत्येक मोटरला कॉन्टॅक्टरचा स्टार्टर बसवा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. इमर्जन्सी बटण लाल, पिवळ्या पार्श्वभूमीवर, हाताच्या टप्प्यात, आणि ते सोडवलं म्हणून मशीन आपोआप चालू होता कामा नये. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप, आणि किल्ली ज्याचे हात आत आहेत त्याच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. "मी उभा आहे ना स्विचजवळ" हा भरवसा पुरेसा नाही. फोन आला की माणूस हलतो.

कपड्यांविषयी बोलताना बायकांना अवघडल्यासारखं होऊ नये, याची मी काळजी घेते. ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, मंगळसूत्र, पुरुषांची कडी आणि मनगटातले धागे, हे सगळं फिरत्या शाफ्टला सारखंच. मंगळसूत्र काढा असं नुसतं सांगून कोणी काढत नाही, आणि ते मला समजतं. आम्ही एप्रन बंद गळ्याचे, मागे बांधायचे शिवले, म्हणजे ते आत राहतं. बांगड्यांसाठी प्रत्येकीला किल्लीचा छोटा डबा दिला. डबा मिळाल्यावर कोणाला एकदाही सांगावं लागलं नाही.

पीस रेटबद्दल बोलल्याशिवाय हे सगळं अर्धवट आहे. गार्ड लावल्यावर तासाला 300 ऐवजी 270 पीस निघत असतील आणि मजुरी पीसवर असेल, तर गार्ड काढायचा पगार तुम्हीच देताय. आम्ही रेट गार्डसकट मोजून नव्याने लावला. तीन महिन्यांत, पट्टीने सरकवायचा सराव झाल्यावर, आकडा परत 300 च्या पुढे गेला. युनिट लहान आहे, आपल्याला कायदा लागू नाही, असं म्हणणारे मालक मला भेटतात. फिरते भाग पक्के झाका हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमातच लिहिलं होतं, आणि रॅम काही हजेरीपटावरचा आकडा विचारून खाली येत नाही.

तरी दुर्दैवाने बोट तुटलंच तर: स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात वर धरा, 108 ला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात नको, पेशी मरतात. आम्हाला त्या दिवशी हे माहीत नव्हतं.

वर्षातून एक दिवस सगळी मशिनं आपोआप बंद असतात: खंडेनवमी. आदल्या दिवशी धुणं-पुसणं होतंच, तेव्हाच प्रत्येक गार्ड खोलून तडे, झिजलेले बोल्ट, स्विचचे संपर्क तपासून टाकतो. पूजेनंतर मशीन सुरू करण्याआधी चकवरचा आणि फ्लायव्हीलवरचा झेंडूचा हार उतरवायचा, दोरीसकट. हे दर वर्षी मी स्वतः फिरून बघते.

रोजची तपासणी मामांकडे आहे. बोटं गेल्यावर त्यांनी प्रेसवर परत बसायचं नाही असं ठरवलं, आणि मी त्यांना तपासणीला घेतलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ते ती पट्टी घेऊन चारही प्रेसवर जातात, आणि ते "नाही" म्हणाले तर मलाही प्रेस चालू करता येत नाही. गेल्या शुक्रवारी दोन नंबरच्या प्रेसच्या गार्डचा एक गज वाकलेला निघाला. फट 14 मिमी झाली होती, आणि पंच 90 मिमीवर होता. पट्टीचं टोक पंचला टेकलं. गाडी दुपारी येणार होती, त्या प्रेसवर 600 पीस बाकी होते. मामांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वेल्डरला बोलवायला गेले.